शिडाच्या होडीची केबिन: आधी कोरडी, मग देखणी

आमची होडी चोवीस फुटी, फायबरग्लासची, एका डोलकाठीची. आम्ही घेतली तेव्हा तिचं वय चाळीसच्या आसपास होतं. केबिनचं झाकण सरकवलं की आधी वास यायचा, ओल्या गोणपाटासारखा, आणि मग दिसायचं ते छताचं लोंबणारं अस्तर. मला घाई झाली होती. पहिल्याच महिन्यात मी भिंती धुतल्या, पांढरा रंग दिला, नवं कापडी अस्तर चिकटवलं, निळ्या खोळी शिवून गाद्या घातल्या. चार-सहा पाऊस झाले आणि अस्तरावर काळे ठिपके उमटले. गादी उचलून पाहिली, तर खालची फळी बोटाने दाबली जात होती. सगळं उचकटून बाहेर काढावं लागलं.

तेच काम दुसऱ्यांदा करायला दोन वर्षांच्या सुट्ट्या गेल्या. ते आज सात वर्षं टिकून आहे. इथे लिहितेय ती त्या दुसऱ्या वेळची पद्धत. त्यातलं बरंचसं मी बाबांबरोबर शिकले. ते सुतार, आयुष्यभर घरांची दारं, खिडक्या, कपाटं केलेली. होडीत उतरल्यावर त्यांनाही पुष्कळ काही नव्याने समजून घ्यावं लागलं.

उचकटण्याआधी

होडीत दोन-तीन रात्री राहा. जशी आहे तशीच. वही जवळ ठेवा आणि डोकं कुठे आपटलं, उठताना हात आपोआप कशाला धरायला गेला, ओले कपडे कुठे टाकले गेले, पाणी कुठे साचलं, हे सगळं लिहून काढा. माझ्या वहीत पहिल्याच रात्री अकरा नोंदी झाल्या आणि पुढे केलेलं जवळपास प्रत्येक काम त्यांतल्या कुठल्या ना कुठल्या नोंदीतून निघालं. कागदावर सुंदर दिसणारा आराखडा चोवीस फुटांत बसत नाही. बसला तरी होडी कलली की निरुपयोगी ठरतो.

मग मोबाइलने प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा. वायरी आणि नळ्या कुठून कुठे जातात त्याचे तर काढाच. प्रत्येक फळीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने नंबर घाला आणि मगच ती काढा. सडलेली फळी टाकून देऊ नका. ती कितीही वाईट दिसत असली तरी तुमचा तयार साचा आहे.

आणखी एक माप आत्ताच घ्या: केबिनच्या दाराची रुंदी आणि उंची. आमचं दार छप्पन्न सेंटीमीटर रुंद. मी बंकची, म्हणजे झोपायच्या बाकाची, पुढची पाटी बाहेर अंगणात एकसंध बनवली, कडा गोल केल्या, इपॉक्सीचे (दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या रेझिनचे) तीन हात दिले, आणि ती दारातून आत जाईना. तिरकी, उभी, झाकण पूर्ण काढून, सगळ्या तऱ्हा केल्या. शेवटी मधोमध कापून आत सांधावी लागली. त्या दिवसानंतर दाराचं माप मी कामाच्या टेबलावर मार्करने लिहून ठेवलं.

पाणी कुठून येतं

हा भाग सगळ्यात कंटाळवाणा वाटेल, पण सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

तळाशी, म्हणजे बिल्जमध्ये, साचलेल्या पाण्याचा एक थेंब जिभेला लावून पाहा. तेलाचा किंवा सांडपाण्याचा वास येत असेल तर अर्थातच नको. पाणी खारट असेल तर ते समुद्राचं: एखादा व्हॉल्व्ह, सुकाणूचा किंवा इंजिनाच्या दांड्याचा सांधा, किंवा लाटा उसळतात त्या उंचीवरची फट. गोडं असेल तर ते पावसाचं, नाहीतर तुमच्याच पिण्याच्या पाण्याच्या टाकीचं. आमचं गोडं होतं आणि टाकी रिकामी होती. म्हणजे डेकमधून, होडीच्या वरच्या पृष्ठभागातून.

डेकमधून येणारं पाणी ज्या जागी टपकतं त्याच जागी शिरलेलं नसतं. ते आतल्या अस्तरावरून, वायरीवरून, फळीच्या कडेवरून घरंगळत जातं आणि हात-दीड हात लांब थेंब सोडतं. म्हणून अस्तर आधी काढायचं. मग संशयाच्या जागा एकेक करून तपासायच्या. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा जिथे होडीला बांधलेल्या असतात त्या चेनप्लेट, कठड्याच्या खांबांचे पाय, खिडक्या, हॅचच्या (छतातल्या झडपेच्या) बिजागऱ्या, आणि डेक व हल (होडीचं बाहेरचं कवच) जिथे जुळतात तो सांधा. या पाच जागांत बहुतेक गळत्या सापडतात.

एकट्याने शोधायचं असेल तर संशयाच्या जागेखाली आतून टाल्कम पावडर फासा, पावसात ओघळ जिथून सुरू होतो तिथे रेघ उमटते. दोघं असाल तर याहून चांगला उपाय आहे. हवेच्या सगळ्या भोकांना चिकटपट्टी लावा, एका हॅचमधून ब्लोअरने आत हवा भरा, दार जमेल तितकं बंद करा आणि बाहेरून प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी ब्रशने लावत जा. जिथे फट आहे तिथे बुडबुडे येतात. बाबा आत ब्लोअर धरून बसले होते आणि मी बाहेर ब्रश घेऊन. डाव्या चेनप्लेटला आले, उजव्या खिडकीच्या खालच्या कडेला आले, आणि एका खांबाच्या पायाशी तर फेसच झाला. “अगं, आता तरी सापडलं ना?” आतून आवाज आला. सापडलं होतं.

डेक बऱ्याचदा पोकळ-भरीव असतो. वर फायबरग्लास, खाली फायबरग्लास, मध्ये बाल्सासारखं हलकं लाकूड. स्क्रूच्या भोकातून पाणी या मधल्या लाकडात शिरलं की ते आतल्या आत कुजतं. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने डेकवर टकटक करत फिरा. टणक, खणखणीत आवाज आला तर ठीक. मऊ, बसका आवाज आला तर तिथे ओल आहे. छोटा भाग असेल तर खालून उघडून, कुजलेलं खरवडून, वाळवून भरता येतो. हातभर लांब भाग बसका वाजत असेल, तर केबिनचा विचार बाजूला ठेवून आधी तेच काम करा.

भोक पुन्हा बंद करण्याची पद्धत नीट समजून घ्या, कारण डेकवरच्या प्रत्येक बोल्टला ती लागते. जुनं भोक बोल्टच्या दुप्पट व्यासाचं करा, आतलं लाकूड थोडं पोखरून काढा, खालून चिकटपट्टी लावून घट्ट केलेल्या इपॉक्सीने ते भरा, आणि कडक झाल्यावर त्या इपॉक्सीतून बोल्टचं नेमकं भोक पाडा. आता पाणी झिरपलं तरी लाकडापर्यंत पोहोचत नाही. वरच्या तोंडाला किंचित उतार द्या, म्हणजे ब्युटाइल टेप (रबरासारखी मऊ, चिकट पट्टी) तिथे बोल्टभोवती कड्यासारखी बसते.

ब्युटाइल टेप माझी सगळ्यात आवडती वस्तू. ती कधी कडक होत नाही आणि दहा वर्षांनी बोल्ट काढायची वेळ आली तर डेक फाडावा लागत नाही. आवळायची मात्र हळूहळू: आज थोडी, दोन दिवसांनी थोडी, आठवड्याने आणखी थोडी. दर वेळी कडेने जास्तीची बाहेर येते, ती प्लास्टिकच्या पट्टीने काढून टाका. आवळताना बोल्ट फिरू देऊ नका, खालचा नट फिरवा, नाहीतर बसलेली टेप मोडते. पाण्याच्या रेषेखाली आणि इंधन लागेल तिथे ही टेप चालत नाही.

सिलिकॉनचं नाव काढू नका. स्वस्त आणि सोपं म्हणून आधीच्या मालकाने आमच्या होडीत सगळीकडे सिलिकॉन भरलं होतं. ते सुटतं तेव्हा मागे एक तेलकट पापुद्रा ठेवून जातं, आणि त्यावर पुढे ना रंग धरत ना इपॉक्सी ना दुसरं कुठलं सीलंट. ते घासून काढायला मला खिडकीमागे एक पूर्ण दिवस लागला.

खिडक्यांच्या बाबतीत दोन गोष्टी. पॉलिसल्फाइड सीलंट फायबरग्लास आणि धातूवर उत्तम, पण अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटवर वापरू नका, ते प्लास्टिक खातं. आणि अ‍ॅक्रिलिक उन्हाने वाढतं. साठ सेंटीमीटर लांब पट्टी चाळीस अंशांच्या फरकाने जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर वाढते. पाच मिलिमीटरच्या बोल्टला सात मिलिमीटरचं भोक ठेवा, चपट्या वॉशरसह गोल डोक्याचा बोल्ट लावा, शंकूच्या आकाराचा स्क्रू लावू नका. नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात भोकापासून तडा जातो. अ‍ॅक्रिलिक पुसायला अ‍ॅसिटोन किंवा अमोनिया असलेलं काचेचं क्लीनर वापरलंत तर त्यावर केसासारख्या भेगांचं जाळं पडतं. साबणाचं पाणी पुरतं.

हे सगळं झाल्यावर महिनाभर थांबा. पाऊस पडू द्या. पडला नाही तर पाइपने पाणी मारा. बिल्ज कोरडा राहिला की मगच पुढचं.

पाण्याच्या रेषेखालची भोकं

केबिन उघडी आहे तोवर हलमधून आरपार जाणारे सगळे व्हॉल्व्ह पाहून घ्या, कारण नंतर फर्निचर आडवं येतं. साधं पितळ खाऱ्या पाण्यात जस्त गमावतं, रंग गुलाबीसर होतो आणि मग ते हाताने तुटतं. कांस्याचे किंवा या कामासाठीच्या मजबूत प्लास्टिकचे व्हॉल्व्ह लावा. नळीला जागा असेल तिथे दोन क्लॅम्प आवळा, आणि प्रत्येक व्हॉल्व्हला सुतळीने एक मऊ लाकडाची निमुळती खुंटी बांधून ठेवा. अडतीस मिलिमीटरची नळी पाण्याखाली साठ सेंटीमीटरवर तुटली, तर मिनिटाला शंभर लिटरहून जास्त पाणी आत येतं. अशा वेळी खुंटी शोधायला वेळ नसतो.

पाणसळ खोटं बोलते

बाबा पहिल्या दिवशी पेटी घेऊन आले: गुण्या, ओळंबा, पाणसळ, दोन रंधे, पटाश्या. बल्कहेडला, म्हणजे केबिनच्या आडव्या भिंतीला, गुण्या लावला आणि म्हणाले, “हे तर तिरकं आहे.” दुसऱ्या बाजूला लावला, तेही तिरकं. होडी फळ्यांवर टेकवलेली होती, किंचित मागे झुकलेली, त्यामुळे पाणसळीचा बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला होता. पाण्यात तरंगणाऱ्या होडीत तर तो एका जागी थांबतच नाही.

उपाय बाबांनीच काढला, आणि तो इतका साधा की मला आजही आवडतो. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप घेतली, पाणी भरलं, आणि हलवर रंगवलेल्या पाण्याच्या रेषेच्या पुढच्या टोकाला एक तोंड, मागच्या टोकाला दुसरं. पाइपमधली पातळी दोन्हीकडे रेषेशी जुळेपर्यंत टेकूखाली पाचरी सारल्या. मग तसंच आडवं, डावीकडून उजवीकडे. झालं, होडी आता जशी तरंगते तशी उभी राहिली आणि पाणसळ खरं बोलू लागली. त्यानंतर नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, दाराच्या मध्यापर्यंत एक दोरी ताणली. सगळी मापं त्या दोरीपासून डावी-उजवी घ्यायची. होडीची दोन अंगं एकसारखी असतात असं गृहीत धरू नका. आमची एका जागी चौदा मिलिमीटरने वेगळी निघाली.

होडीत काटकोन जवळपास नसतो. हलला टेकणारी प्रत्येक फळी वक्र कापावी लागते, आणि ती नुसत्या डोळ्याने कापता येत नाही. तीन-चार सेंटीमीटर रुंद, तीन मिलिमीटर जाडीच्या प्लायच्या पट्ट्या कापून ठेवा. गरम गोंदाच्या बंदुकीने त्या जागच्या जागी एकमेकींना चिकटवत जा, प्रत्येकीचं टोक हलला टेकवून. दहा मिनिटांत एक कुरूप पण अचूक सांगाडा तयार होतो. तो उचलून प्लायवर ठेवा, टोकं पेन्सिलीने जोडा, रेषेच्या बाहेर तीन मिलिमीटर सोडून कापा आणि उरलेलं रंध्याने बसवत आणा. हलचा उतार कडेलाही द्यावा लागतो, म्हणून फळीच्या दोन्ही तोंडांचं माप घ्या. पहिला तुकडा बसवायला आम्हाला अर्धा दिवस लागला, सहावा वीस मिनिटांत बसला.

बल्कहेड मात्र हलला घट्ट टेकवायचं नाही. फायबरग्लास लवचीक असतं, लाटेत ते थोडं हलतं, आणि लाकडाची धारदार कड आतून टोचत राहिली तर बाहेरून ती रेघ दिसू लागते, पुढे भेगही पडते. मध्ये पाच-सहा मिलिमीटर जागा ठेवून फोमची पट्टी घाला. कोपऱ्यात घट्ट इपॉक्सीचा गोलसर भराव करा आणि त्यावर काचकापडाचे तीन थर द्या, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा रुंद. जुना रंग आणि मेण खरवडून उघडं फायबरग्लास दिसल्याशिवाय यातलं काहीही टिकणार नाही.

प्लाय निवडताना: मरीन प्लायसाठी जुना ब्रिटिश मानक आहे, बीएस १०८८. त्यात आतल्या थरांमध्ये पोकळी नसते आणि गोंद उकळत्या पाण्यात टिकतो. शिक्क्यावर विश्वास नसेल तर तळहाताएवढा तुकडा तासभर उकळा. थर सुटले तर ती शीट होडीत नेऊ नका. कुठलाही प्लाय कडेने पाणी पितो, पृष्ठभागाने फार कमी. म्हणून प्रत्येक कड आणि प्रत्येक भोक इपॉक्सीने मुरवा, दर्शनी भागाआधी. बंकखाली बारा मिलिमीटर पुरतो, कपाटांच्या दारांना नऊ. जड लाकूड वापरून केबिन भक्कम होत नाही. ती फक्त जड होते, आणि हा भार नाळेकडे किंवा अगदी मागे गेला तर होडी लाटेत डोकं आपटते.

स्क्रूबद्दल थोडं. ३१६ प्रतीचं स्टेनलेस उघड्या हवेत वर्षानुवर्षं चमकतं, पण सतत ओल्या लाकडात, हवा न मिळता, ते आतून खड्डे पडून तुटू शकतं. जिथे लाकूड ओलं राहण्याची शक्यता आहे तिथे सिलिकॉन ब्राँझचे (तांब्याच्या मिश्रधातूचे) स्क्रू. आणि कुठलीही फळी गोंदाने कायमची बंद करू नका. वायर, नळी, नट किंवा हल झाकणारी प्रत्येक फळी एका स्क्रूड्रायव्हरने निघाली पाहिजे. बिल्जचा तर तळहाताएवढा भागही हाताबाहेर राहता कामा नये.

एक सूचना तळमळीने. इपॉक्सी हाताला लागू देऊ नका. एकदा अ‍ॅलर्जी झाली की जन्मभर राहते, आणि ती आधी कळवून येत नाही. हातमोजे घाला, अंगावर उडालेलं अ‍ॅसिटोनने पुसू नका, साबणाने धुवा. फायबरग्लास घासताना धुळीचा चांगला मास्क, आणि गोंद, रंग, रेझिनसाठी वाफा गाळणारा मास्क. ही दोन वेगळी फिल्टरं आहेत. केबिन म्हणजे एक बंद डबा आहे. बाहेर कोणीतरी असल्याशिवाय आत द्रावक वापरू नका. बाबा दर दहा मिनिटांनी छतावर टकटक करायचे, मी आतून उत्तर द्यायचे.

छत, भिंती आणि हवा

जुन्या अस्तरामागे पातळ फोम असतो. वीस-तीस वर्षांत त्याची पिवळी भुकटी होते. ती पूर्ण खरवडल्याशिवाय नवीन काही चिकटत नाही. मी दुसऱ्या वेळी चिकटवलंच नाही. छताला आडव्या रिपा इपॉक्सीने बसवल्या, मध्ये बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, फोम भरला आणि वर चार मिलिमीटरच्या पांढऱ्या रंगवलेल्या पाट्या स्क्रूने. डेकवरचा कुठलाही नट आता पाच मिनिटांत हाताशी येतो. फोम हलला पूर्णपणे चिकटलेला हवा. मागे पोकळी राहिली तर तिथेच दव साचतं.

हे दव फार लोकांना पावसाची गळती वाटतं. दोन माणसं एका रात्रीत श्वास आणि घामातून साधारण अर्धा लिटर पाणी हवेत सोडतात. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. थंड हलवर ती सगळी उतरते. फोमने ती कमी होते, पण बाहेर जाते फक्त वाऱ्याने. म्हणून दोन मार्ग ठेवा, एक आत येण्याचा, एक बाहेर जाण्याचा, आणि ते केबिनच्या दोन टोकांना. नांगरावर असताना हवा बहुतेक वेळा मागच्या दारातून आत शिरून पुढच्या हॅचमधून निघते. वाऱ्याच्या उलट दिशेने, हे लक्षात ठेवा. पावसातही उघडं ठेवता येईल असं तोंड हवं असेल तर डोरेड पेटी बसवा. १९३० साली पाण्यात उतरलेल्या ‘डोरेड’ या यॉटवरून तिचं नाव पडलं. पेटीत हवेचं वरचं तोंड आणि केबिनचं भोक समोरासमोर नसतात, पाणी पेटीत पडून डेकवर निथळतं, हवा तेवढी पुढे जाते. कपाटांच्या दारांनाही जाळी किंवा भोकं ठेवा. बंद कपाटातच बुरशी पहिली येते.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे: मोठे पृष्ठभाग पांढरे, कडा आणि पट्ट्या लाकडी, वॉर्निश केलेल्या. अमेरिकन नौकारचनाकार हेरशॉफ यांच्या नावाने ओळखली जाणारी ही जुनी पद्धत छोट्या केबिनला मोकळी करते आणि गळतीचा डाग पहिल्याच दिवशी दाखवते. वॉर्निशचा पहिला हात निम्मा पातळ करून मुरवा, मग चार-पाच हात, मध्ये २२०चा पॉलिश पेपर. शेवटचा हात मंद चकाकीचा. पायाखालच्या फळ्यांना चकचकीत वॉर्निश नको, त्या ओल्या झाल्या की पाय घसरतो.

झोपणं आणि बसणं

बंकची लांबी निदान एकशे पंच्याण्णव सेंटीमीटर, खांद्याशी रुंदी साठ. पायाकडे चाळीसवर निमुळता झाला तरी चालतो. जास्त रुंद बंक समुद्रात वाईट, माणूस लोळतो. बसल्यावर दबलेल्या गादीपासून छतापर्यंत नव्वद सेंटीमीटर मिळाले तर पाठ ताठ राहते. आमच्याकडे चौऱ्याऐंशीच होते, म्हणून बंकच सहा सेंटीमीटर खाली घेतला आणि खालचा एक खण सोडून दिला. हा निर्णय मी पुन्हा घेईन.

नाळेकडचा बंक नांगरावर छान, पण चालत्या होडीत तिथे झोप लागत नाही. चालताना झोपायचा बंक होडीच्या मध्याजवळ, आणि त्याला कापडाची आडोशाची पट्टी हवी: खांद्यापासून मांडीपर्यंत, गादीच्या वर पंचेचाळीस सेंटीमीटर, खालची कड गादीखाली पट्टी-स्क्रूने बांधलेली, वर दोन दोऱ्या छताच्या कडीला. दोरीची गाठ आत झोपलेल्याला एका हाताने सुटली पाहिजे.

गादीचा फोम दहा सेंटीमीटर जाड, घनता घनमीटरला पस्तीस ते चाळीस किलो. हल तिरपा असतो, म्हणून वरचा आणि खालचा असे दोन साचे काढा आणि कड त्या उतारात कापा. हॅकसॉचं लांब पातं सुटं धरून फोम सुंदर कापला जातो. खोळ फोमपेक्षा एक-दीड सेंटीमीटर लहान शिवा, मग ती ताणून बसते. चेन प्लास्टिकची, मागच्या कडेला. दोरा पॉलिस्टरचा, सुती दोरा ओलीने कुजतो. घट्ट खोळ चढवायची युक्ती: फोम पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घाला, व्हॅक्यूम क्लीनरने हवा ओढा, चपटा झालेला फोम खोळीत सरकवा आणि पिशवी ओढून काढा. पहिल्यांदा मला हे माहीत नव्हतं. तेव्हा सहा गाद्या चढवताना बोटांची सालं निघाली होती.

गादीखालची फळी बंद ठेवू नका. तीस मिलिमीटरची भोकं हातभर अंतरावर पाडा किंवा पट्ट्यांची जाळी करा. आणि खारं पाणी लागलेली खोळ गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय वाळत नाही. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं. वाळलेली वाटणारी गादी रात्री पुन्हा ओलसर लागते ती त्यामुळेच.

स्वयंपाकाची जागा आणि दिवे

गॅस हवेपेक्षा जड असतो, प्रोपेन दीडपट, ब्युटेन दुप्पट. गळला की बिल्जमध्ये साचतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. सिलिंडरचा खण केबिनपासून पूर्ण बंद हवा आणि त्याचा निचरा थेट समुद्रात, पाण्याच्या रेषेच्या वर. असा खण करणं शक्य नसेल तर गॅस लावूच नका, स्पिरिटची शेगडी घ्या. आम्ही तीच घेतली. शेगडी होडीबरोबर डुलणाऱ्या चौकटीत, भांडी धरायला आडवे गज, आणि समोर कमरेशी धरायला मजबूत दांडा. ओट्याच्या कडेला पाच सेंटीमीटर उंच पट्टी, पण कोपऱ्यात बोटभर फट ठेवा, नाहीतर पुसलेला कचरा बाहेर काढता येत नाही. सिंक जितकं मध्याकडे तितकं बरं. नळाऐवजी पायाने दाबायचा पंप लावा, दोन्ही हात मोकळे राहतात आणि पाणी फार कमी लागतं.

विजेचं काम थोडक्यात. कथिलाचा मुलामा दिलेली बहुतारी तांब्याची वायर, चांगल्या पकडीने दाबलेली टोकं, त्यावर गोंद असलेली आकसणारी नळी. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना नंबर. जुना दहा वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर ०.८ अ‍ॅम्पिअर खातो, तेवढाच उजेड एलईडी त्याच्या पाचव्या हिश्शात देते. एक दिवा लाल ठेवा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या दिव्याने ती क्षणात जाते. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, अग्निशामक दाराजवळ ठेवा. आग शेगडीशी लागते, त्यामुळे तो शेगडीच्या पलीकडे असता कामा नये.

हात कुठे जातो

शेवटी पुन्हा पहिल्या रात्रीची वही काढा. माझ्या अकरा नोंदींतल्या चार धरायला काही नसल्याच्या होत्या. छताला दोन्ही बाजूंनी लांब लाकडी दांडे लावले, आरपार बोल्टने, कारण कललेल्या होडीत माणूस त्यावर पूर्ण वजनाने पडतो आणि स्क्रू निघून येतात. प्रत्येक बाहेर आलेला कोपरा रुपयाच्या नाण्याएवढ्या नव्हे, वाटीच्या कडेएवढ्या वळणाने गोल केला. दाराशी ओल्या जॅकेटांसाठी तीन खुंट्या, त्यांच्याखाली निथळायला थेट बिल्जकडे जाणारी वाट.

ती वही आता नाळेकडच्या कपाटाच्या दारामागे लटकलेली असते. त्यात प्रत्येक फळीचा नंबर, तिला किती आणि कुठल्या मापाचे स्क्रू, तिच्यामागून काय जातं, आणि कुठला सांधा कोणत्या वर्षी पुन्हा सील केला ते लिहिलंय. गेल्या पावसाळ्यात उजव्या खिडकीखाली एक ओघळ दिसला. वही उघडली, फळी नंबर सतरा, सहा स्क्रू. काढली, मागचे नट अर्धा-अर्धा आटा आवळले, टेप थोडी बाहेर आली. दोन दिवस फळी तशीच उघडी ठेवली, पाऊस पडून गेल्यावर बोट फिरवून पाहिलं, आणि कोरडं लागल्यावर परत लावली.